हरळीशी वैर कसे जोपासावे

हरळी दोन प्रकारची माणसं वाढवतात. पहिल्या प्रकारचा माणूस तिला पाणी घालतो, खत घालतो, तिच्यासाठी माळी ठेवतो, ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावतो, आणि दोन वर्षांत त्याच्याकडे पाटी तेवढी उरते. दुसऱ्या प्रकारचा माणूस तिला नांगरतो, वखरतो, खुरपतो, जाळतो, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि दोन वर्षांत त्याच्याकडे हरळी तेवढी उरते. पहिला बहुधा शहरातल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचा चिटणीस असतो, दुसरा शेतकरी. आपण दोघं एकाच गवताबद्दल बोलतोय हे दोघांच्याही लक्षात येत नाही, कारण पहिला तिला लॉन म्हणतो आणि दुसरा जे म्हणतो ते छापता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या दोघांत हरळी जोपासण्याची विद्या दुसऱ्यालाच साधली आहे. आपल्याला ती साधली आहे हे मात्र त्याला ठाऊक नाही, आणि कोणी सांगायला गेलंच तर त्याने खुरपं हातातून खाली ठेवलंय ना, हे आधी बघून घ्यावं.

पहिली हरकत देवघरातून येणार. हरळी वेगळी आणि दूर्वा वेगळी, वावरातलं तण ते गणपतीच्या मस्तकावर कसं चालेल? चालतं. रोजच चालतं. वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी दोघींचं नाव एकच आहे, सिनोडॉन डॅक्टिलॉन. ग्रीक भाषेत त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दात आणि दुसरा आला बोटावरून. जमिनीखालच्या काशीचा, म्हणजे आडव्या खोडाचा, टणक, टोकदार कोंब पाहिला की दात पटतो, आणि शेंड्यावर पंजासारखा पसरलेला तुरा पाहिला की बोटंही पटतात. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत पांढरी दूर्वा, निळसर दूर्वा असे भेद केलेले आहेत आणि पूजेला कोवळी, तुरा न आलेली, तीन किंवा पाच पानांची दूर्वा लागते हेही खरं. पण हे भेद एकाच घरातल्या गोऱ्या-सावळ्या मुलींसारखे आहेत, आडनाव बदलत नाही. तिसरं नाव नर्सरीवाल्याकडे मिळतं, बर्म्युडा. त्या बेटाशी गवताचं जन्माचं नातं नाही. ते मूळचं जुन्या जगातल्या उष्ण मुलखातलं, बहुधा आफ्रिकेकडचं. मराठी माणसाला बर्म्युडा म्हटलं की गुडघ्यापर्यंतची अर्धी चड्डी आठवते, आणि सकाळी सोसायटीच्या आवारात एक बर्म्युडा दुसऱ्या बर्म्युडावर पाइपने पाणी मारताना दिसतो, तेव्हा भाषेने हा योग मुद्दाम जुळवून आणला असावा असं वाटतं.

आपल्या पूर्वजांना मात्र या गवताचा स्वभाव नेमका कळला होता. अमरकोशात दूर्वेची जी नावं दिली आहेत ती भक्तीपेक्षा धास्तीने दिल्यासारखी वाटतात. शतपर्विका, म्हणजे शंभर पेरांची. सहस्रवीर्या, म्हणजे हजार पटींचा जोर असलेली. रुहा, म्हणजे उगवणारी. एवढंच, दुसरं काही नाही, जणू कोशकाराने हात टेकले. आणि शेवटी अनंता. वैदिक मंत्रातही तिचं वर्णन पेरापेरातून फुटत जाणारी असं आहे, आणि कृषी महाविद्यालयात तणशास्त्राच्या तासाला तिच्याबद्दल पहिल्यांदा हेच सांगतात. फरक एवढाच, की ऋषींनी हे ऐकून हात जोडले आणि आपण फवारणीचा पंप उचलला. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा दाह काही केल्या थांबेना, तेव्हा अठ्ठ्याऐंशी हजार मुनींनी प्रत्येकी २१ दूर्वा वाहिल्या आणि तो शमला, अशी पुराणातली कथा आहे. गुणाकार केला तर साडेअठरा लाखांच्या आसपास दूर्वा होतात. कथेतला एकही श्रोता ‘एवढ्या दूर्वा एका वेळी आणल्या कुठून’ असं विचारत नाही. असुर, त्याला गिळणारा देव, अठ्ठ्याऐंशी हजार मुनी, या सगळ्यांवर शंका घेता येईल, पण हरळी हवी तेवढी मिळाली यावर कोणी शेतकरी शंका घेणार नाही.

आता पुराव्याकडे वळू. हरळी दोन मजल्यांवर संसार करते. वरच्या मजल्यावर जमिनीलगत धावणारे फुटवे असतात, त्यांच्या पेराला ओल लागली की तिथेच मुळं सुटतात. खालच्या मजल्यावर काश्या असतात, वीतभर खोल, कधी त्याहूनही खाली. त्यांच्याही पेरापेरावर डोळे असतात. वरचं घर जाळा, खालचं चालू राहतं. आता शेतकरी काय करतो? ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून रान काढतो. रोटाव्हेटरची पाती काश्यांचे बोटबोटभर तुकडे करतात, मातीत सारखे मिसळतात आणि रानभर समान अंतरावर पसरवून देतात. पावसाची पहिली सर आली की प्रत्येक तुकडा आपापला संसार थाटतो. इकडे उद्यानविद्येत लॉन लावण्याची एक मान्य पद्धत आहे. हरळीचे बारीक तुकडे करायचे, शेण आणि मातीच्या काल्यात कालवायचे, तयार जमिनीवर त्याचा लेप द्यायचा आणि पाणी मारायचं. दोन्ही कृती शेजारी शेजारी मांडून पाहा. एकीला आपण तणाचा नायनाट म्हणतो आणि दुसरीला लागवड. मधे फक्त शेणाचा फरक आहे, आणि शेण तर शेतकरीही घालतो. लॉनवाला या कामाचे चौरस फुटाने पैसे घेतो. शेतकरी तेच काम तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर आणून स्वतःच्या खर्चाने, एकरांच्या हिशेबाने करून घेतो आणि वर हरळीला दोष देतो.

कापण्याचंही तसंच. बहुतेक झाडांचा शेंडा खुडला की ती रुसतात, कारण वाढीचा डोळा वर असतो. हरळीचे वाढीचे डोळे जमिनीशी चिकटून असतात, मेंढीच्या तोंडाला आणि यंत्राच्या पात्याला ते सापडत नाहीत. उलट शेंडा गेला की बाजूच्या डोळ्यांवरचा दाब उठतो आणि एकाच्या जागी चार फुटवे येतात. म्हणून धनगराची मेंढरं, घोड्याची चराई, गोल्फच्या मैदानावरचं यंत्र आणि रोज सकाळी परडी घेऊन वाकणाऱ्या आजी, हे चौघं हरळीच्या दृष्टीने एकाच खात्याचे कर्मचारी आहेत. गोल्फच्या भोकाभोवतीची हिरवळ तर काही बुटक्या वाणांत पाच मिलिमीटरच्या आसपास छाटतात. पाच मिलिमीटर म्हणजे दोन आठवड्यांच्या दाढीपेक्षा फार नाही. एवढा अपमान कुठल्याही सुसंस्कृत रोपाने सहन केला नसता. हरळी तो सहन करते आणि घट्ट होते. सोसायटीत मात्र लॉन कापायचं म्हटलं की सभा भरते, ‘अजून बाळसं धरलेलं नाही’ म्हणून कापणी पुढे ढकलली जाते, आणि गवत उंच, विरळ, दांडरट होऊन तळाशी पिवळं पडतं.

खरा गोंधळ पाण्याचा आहे, तिथे जरा थांबावं लागेल. दुष्काळ सोसणारं गवत हवं म्हणून माणसं हरळी लावतात आणि लावल्या दिवसापासून तिला दुष्काळाचं तोंडही दिसू देत नाहीत. हरळीची अन्न तयार करण्याची तऱ्हा मका, ज्वारी आणि उसासारखी आहे. पानांवरची रंध्रं फारशी न उघडता ती हवेतला कार्बन पकडते, त्यामुळे कडक उन्हात कारखाना जोरात चालतो आणि पाणी कमी उडतं. (त्याच तऱ्हेचा ऊस पाटाचं पाणी पिऊन कारखाना, चेअरमन आणि विधानसभा काढतो, हरळीने अजून एक पतसंस्थाही काढलेली नाही.) पाणी अगदीच तुटलं तर ती वरचं पान सोडून देते, तांबूस पिवळी होते आणि काश्यांत साठवलेल्या शिदोरीवर झोपून राहते. मराठवाड्यातल्या माळावर मे महिन्यात काडी दिसत नाही आणि मृगाच्या दोन सरींनंतर आठवड्यात हिरवं पांघरूण पडतं, ते कोणी वरून आणून टाकलेलं नसतं. पण चिटणीसाला ही झोप मरण वाटते. तो रोज संध्याकाळी पाइपने वरवर शिंपण करतो. वरच्या दोन बोटं मातीत रोज ओल मिळाली की मुळांनी खाली जायचं कशाला? ती वरच राहतात, आणि टँकर एक दिवस आला नाही की लॉन मान टाकतं. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देऊन उरलेले दिवस दुर्लक्ष केलं तर मुळं पाण्याच्या मागे खाली उतरतात. यात अवघड काहीच नाही, फक्त दुर्लक्ष करायला मन घट्ट लागतं, आणि आवारात बाकावर बसलेल्या निवृत्त मंडळींपुढे दुर्लक्ष करणं हे पाणी घालण्याहून कष्टाचं आहे. गवत दुष्काळ सोसतं, सभासदांना पिवळा रंग सोसत नाही.

इथे कोणी म्हणेल, वैराने सगळं साधतं तर सोसायटीतही काही कमी वैर नसतं; सभेचं इतिवृत्त वाचा. मग तिथलं लॉन का मरतं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर माझ्या सिद्धान्ताला बळकटी देणारं आहे. हरळी एकाच गोष्टीपुढे खरोखर हरते, ती म्हणजे सावली. तिची ती उन्हाची तऱ्हा सावलीत तोट्यात जाते. फुटवे लांबट, फिके होतात आणि हळूहळू जागा सोडतात. सात मजल्यांच्या दोन इमारतींमधली वीस फुटांची पट्टी, जिला दुपारी तासभर ऊन मिळतं, तिथे सोसायटी लॉन लावते, वर शोभेसाठी चार झाडं लावते, आणि मग गवत का टिकत नाही म्हणून कृषी सहायकाला फोन करते. आपल्याकडे मायेची सावली हा मोठा गौरवाचा शब्द आहे. आंब्याच्या कलमाला, सुनेला, नवोदित कवीला ती मानवते असं म्हणतात. हरळीला मायेची सावली लाभली की ती मरते. शेतकऱ्याने जर तिच्यावर छत्री धरली असती तर केव्हाच सुटला असता. काही शेतकरी धरतातही: ताग दाट पेरून जमीन झाकतात, खाली अंधार करतात आणि हरळीचं बळ कमी होतं. म्हणजे तिला मारायला शेवटी जे चाललं, ते प्रेमाने पांघरूण घालण्यासारखंच होतं.

दुसरी हरकत जास्त जोरदार आहे. शेतकरी हरळी मारू शकत नाही हे खोटं आहे, तो उन्हाळ्यात खोल नांगरट करून मारतो. मान्य. वैशाखात रान उलथून टाकलं, ढेकळं तापली, काश्या उघड्या पडून करकरीत वाळल्या, मग त्या वेचून बांधावर जाळल्या, तर हरळी मरते. पानाला ऊन हवं पण काशीला नको, एवढी तिच्या चिलखतातली फट आहे. पण यातलं ‘वेचून’ हे क्रियापद लिहायला जितकं सोपं तितकं करायला नाही. एकरभर रानातून हाताने काश्या वेचणाऱ्या बाईच्या कमरेला हा लेख विनोदी वाटणार नाही, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर माझ्या सिद्धान्तातली गंमत बरीच कमी होते, हे मी कबूल करतो. म्हणूनच मंडळी तणनाशकाकडे वळली. ग्लायफोसेट हिरव्या पानातून शिरून काश्यांपर्यंत पोचतं. अट एवढीच, की हरळी त्या वेळी टवटवीत आणि जोमाने वाढणारी हवी. पाण्याविना सुकलेली, झोपलेली हरळी औषध नीट पीत नाही. म्हणून जाणकार सल्ला देतात की कोरड्या रानात आधी पाणी द्या, तिला चांगली फुटू द्या, हिरवीगार होऊ द्या, मग फवारा. एवढं प्रेम चिटणीसाकडूनही तिला मिळालेलं नसतं. बळी देण्याआधी बोकडाला हार घालतात त्यातलाच हा प्रकार, फरक इतकाच की बोकड पुढच्या वर्षी बांधावरून परत येत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच करावा असा आदेश काढला. आदेश वाचायला हरळी थांबलेली नाही.

आणि बांधाचा उल्लेख निघालाच आहे तर तोही पुरावा घ्या. हरळी वावरातून गेली तरी बांधावर राहते, कारण बांधावर नांगर चालत नाही. तिथे तिच्यावाचून चालतही नाही: तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात, पावसाळ्यात बांध फुटत नाही. शेजारी शेजाऱ्याचा बांध दर वर्षी फाळभर कोरतो, त्यावरून मोजणी होते, तंटा होतो, तालुक्याच्या कोर्टात तारखा पडतात. हरळी तोच बांध दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओलांडते आणि तिच्यावर अतिक्रमणाची एकही केस नाही. ज्याने बांध कोरला त्याने जाता जाता तिच्या मुळ्या तोडून आपल्याच रानात ओढून आणल्या, हा न्याय मात्र कोर्टाआधी मिळतो.

हे सगळं फक्त आपल्याकडचं रडगाणं आहे असं समजू नये. १९७७ मध्ये लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. मराठी शेतकऱ्याला यात नवल काहीच नाही. लव्हाळा, हरळी आणि कुंदा हे तिघं त्याच्या रेशनकार्डावर नाव नसलेले कुटुंबीयच आहेत. जागतिक यादीत पहिली दोन पदकं घरातल्या घरात आली याचा कुठे सत्कार झाल्याचं मात्र ऐकिवात नाही. आता गंमत पाहा. ज्या अमेरिकेत बागवाले याला सैतानाचं गवत म्हणतात, त्याच अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हयातीतली बरीच वर्षं याच गवताची सुधारित वाणं काढण्यात घालवली. १९४३ मध्ये चाऱ्यासाठी ‘कोस्टल’ आलं, १९६० मध्ये मैदानांसाठी ‘टिफवे’. हे टिफवे म्हणजे हरळी आणि तिच्या एका आफ्रिकी बहिणीचा संकर. त्याला सकस बी धरत नाही; तुकडे लावूनच वाढवावं लागतं. दूर्वेसारखा वंश वाढो असा आशीर्वाद आपण देतो, आणि इकडे एका वांझ दूर्वेचा वंश खंडाखंडांतल्या मैदानांवर पसरला आहे, तोही प्रत्येक जागी तीच ती एकटी, तुकड्यातुकड्याने. आपल्या क्रिकेटच्या मैदानांवरही सहसा बर्म्युडाच असतं. सीमारेषेजवळ सूर मारून चौकार अडवणारा क्षेत्ररक्षक जगातल्या दोन नंबरच्या तणावर घसरत असतो, आणि समालोचक मैदानाच्या निगेचं कौतुक करत असतो.

आता मुद्द्यातली शेवटची गाठ. तण आणि हिरवळ, हरळी आणि दूर्वा, यांत गवताकडून काहीच बदलत नाही, तर मग भाव का बदलतो? भाद्रपदातला गणपतीचा पंधरवडा घ्या. पाऊस झालेला असतो, हरळी ऐन भरात असते. त्याच पंधरवड्यात सोयाबीन-कपाशीच्या रानात खुरपणी चाललेली असते आणि बायका पाट्या भरभरून हरळी बांधावर फेकत असतात. मजुरी शेतकरी देतो. त्याच पंधरवड्यात दादरच्या फुलबाजारात तीच हरळी दोऱ्याने बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळून विकायला ठेवलेली असते. किंमत भक्त देतो. म्हणजे फेकायलाही पैसे आणि घ्यायलाही पैसे. शेतकऱ्याने सरळ ती बाजारात का नेऊ नये, असं शहरी हुशारी विचारेल. कारण जुडीची किंमत गवताची नसतेच. रानातून निघते ती मुळासकट, मातीसकट, तुरे आलेली हरळी. तिच्यातून कोवळे, विषम पानांचे शेंडे निवडून, धुऊन, २१ मोजून बांधणारे हात लागतात, आणि ते हात त्या वेळी खुरपणीला गुंतलेले असतात. गवत फुकटच आहे, मोजणी महाग आहे. भारतात बऱ्याच गोष्टींचं असंच असतं, पण ते असो.

तेव्हा ज्यांना आवारात खरोखर हिरवळ हवी आहे त्यांनी चिटणीसगिरी सोडून शेतकऱ्याची दीक्षा घ्यावी. जागा भर उन्हाची निवडावी, नसेल तर नाद सोडावा. लावताना तिचे तुकडे तुकडे करावेत. वाढली की निर्दयपणे छाटावी, मात्र एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, कारण वैरालाही पद्धत असते. पाणी विसरावं, मग एकदम आठवून भरपूर द्यावं, पुन्हा विसरावं. उन्हाळ्यात ती पिवळी पडली की शोकसभा घेऊ नये. वरचेवर तिच्यावर मुलं सोडावीत.

यातलं काहीही होणार नाही, हे उघड आहे. ठराव होतो, टँकरचं बिल वाचून दाखवलं जातं, आणि बहुमताने जुनं लॉन काढून तिथे प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली जाते. माळ्याला रजा दिली जाते. मे महिन्यात ती प्लॅस्टिकची हिरवळ इतकी तापते की अनवाणी कोणी उतरत नाही, पण रंग मात्र सभेत मंजूर झालेलाच राहतो. जूनमध्ये दोन पाऊस होतात. आठवड्याने पट्ट्यांच्या जोडातून, खिळ्यांच्या भोकांतून, भिंतीच्या कडेने खरी हरळी वर येते. कोवळी, तीन पानांची, पूजेला अगदी साजेशी. चिटणीस वाकून एक उपटतो, पेराशी तुटते, मूळ खालीच राहतं. मग माळ्याला परत बोलावतात, या खेपेला ती उपटायला. पगार पूर्वीचाच.